हँडल कुणाच्या मापाचे?

शिंपी माणसाचे माप घेऊन कपडा बेततो. वाहनाचे तसे नाही. कारखाना एक माप ठरवतो आणि लाखो माणसे त्यात स्वतःला बसवून घेतात. ज्यांना ते बसत नाही, त्यांचे मनगट दुखते, पाठ धरते. पुण्यातल्या दुचाकींचा इतिहास आपण कारखान्यांच्या आणि मॉडेलांच्या नावांनी सांगतो. आज तो हँडलच्या बाजूने पाहू.

पुणे सायकलींचे शहर होते, तेव्हा हा प्रश्न फारसा नव्हता. सायकलचे हँडल एका बोल्टवर असते. तो सैल केला, हँडल वर ओढले आणि पुन्हा आवळले की झाले. तासाच्या भाड्याने सायकल देणारा दुकानदारही पोराची उंची बघून सीट खाली करून देई.

मग स्कूटरचा जमाना आला. १९७२ मध्ये बजाजची चेतक आली. ती मिळवायला नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. तिचे गिअर डाव्या मुठीत, म्हणजे हँडलमध्येच. ते बदलणार कसे? आणि इतकी वाट पाहून घरी आलेल्या वस्तूबद्दल तक्रार तरी कोण करणार? माणसानेच वाहनाशी जुळवून घेतले.

मोटारसायकलने थोडी मोकळीक परत दिली. तिचे हँडल म्हणजे बहुधा वाकवलेला पाइप, क्लॅम्पमध्ये आवळलेला. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात दुसरे शोधता येई. लांबच्या प्रवासाला निघणारे लोक मिस्त्रीकडे येत. मी पाहिलेले एक मिस्त्री गिऱ्हाइकाला गाडीवर बसवून म्हणत, ‘भाऊ, डोळे मिटा आणि हात पुढे टाका.’ हात जिथे सहज थांबतील, तिथे मूठ यायला हवी, हे त्यांचे माप. टेप नाही, नकाशा नाही.

यामागे शास्त्र आहे. सीट, पाय ठेवायची जागा आणि हँडल या तीन टेकूंवर चालवणाऱ्याचे वजन वाटले जाते. हँडल खाली आणि लांब असेल तर भार मनगटावर येतो, बोटांना मुंग्या येतात. फार उंच केले तर वारा छातीवर बसतो आणि भार माकडहाडावर जातो. कोपर किंचित वाकलेले आणि खांदे सैल, ही मधली जागा. पण हँडल वर घेतले की क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या वायरी पुरल्या पाहिजेत. म्हणून मिस्त्री इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघत. वळवताना इंजिनाचा आवाज चढला, तर वायर ताणली जाते आहे. असे हँडल रस्त्यावर जीव घेऊ शकते.

हे शहाणपण कारखान्यांनाही होतेच. पण गिऱ्हाइकाला निवड मिळायला वेळ लागला. पुण्याजवळच्या चाकणला बनणाऱ्या केटीएमच्या गाड्या पाहा. एकाच ३७३ सीसी इंजिनावर २०१३ मध्ये रुंद हँडलची ड्यूक आली, २०१४ मध्ये पुढे वाकायला लावणारी आरसी आणि २०२० मध्ये ताठ बसून दूर जाण्यासाठी ॲडव्हेंचर. बजाजने २०१५ मध्ये ॲव्हेंजरही उंच हँडलची क्रूझ आणि आडव्या हँडलची स्ट्रीट अशी दोन तऱ्हांनी आणली. २०२५ मध्ये डॉमिनारचे हँडल नव्याने बेतले गेले. कारण सांगितले, लांबच्या प्रवासातला आराम.

नाना पेठेत आलेला गिऱ्हाईक हाच आराम मागत असे. कारखान्याच्या बदलाची तारीख सापडते, मॉडेलचे नाव सापडते. मिस्त्रींनी बदललेल्या हजारो हँडलांची वही कुणी ठेवलेली नाही. कर्वेनगरच्या संग्रहालयात जुन्या सायकली जपल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट. आता त्या मिस्त्रींकडे जाऊन त्यांची रीत लिहून घ्यायला हवी; त्यांचे हात चालते आहेत, तोवरच.