जवसाचे तेल, जवसाचे वस्त्र

मराठी बायबलमध्ये 'तागाचे वस्त्र' हा शब्दप्रयोग वारंवार येतो. ताग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते ते गोणपाट. वास्तविक पवित्र भूमीतील ते तलम वस्त्र ज्या झाडाच्या सालीतील तंतूंपासून विणले जाई, ते झाड म्हणजे आपल्या परिचयाचे जवस, अर्थात अळशी होय. संस्कृतात या झाडाला क्षुमा आणि त्याच्या वस्त्राला क्षौम म्हणत. ख्रिस्तसभेने वेदीवरील वस्त्रांसाठी शतकानुशतके याच कापडाला मान दिला. विदर्भातील घरोघरी ज्याची चटणी होते ते जवस आणि वेदीवरचे लिनन यांचे कूळ एकच आहे, ही गोष्ट मात्र आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ साली या जातीला 'लिनम युझिटॅटिसिमम', म्हणजे 'अत्यंत उपयोगी जवस', असे नाव दिले. या एका जातीचे दोन प्रकार शेतकरी जपत आले आहेत. तेलाचे जवस बुटके असते. त्याला फांद्या पुष्कळ, बोंडे पुष्कळ आणि बी टपोरे. धाग्याचे जवस कमरेच्याही वर वाढते. त्याचा दांडा सरळ असतो, फांद्या केवळ शेंड्याला फुटतात आणि बी बारीक असते. ते दाट पेरतात, मुळासकट उपटतात आणि पाण्यात वा दवात कुजवून त्याचे तंतू मोकळे करतात. दोन्ही प्रकारांची गुणसूत्रे तीसच असून त्यांचा परस्परांत सहज संकर होतो. मग हा भेद आला कोठून?

मध्यपूर्वेतील शेतकऱ्यांनी गहू, जव, मसूर यांच्याबरोबर रानटी जवसाला सुमारे १०,००० वर्षांपूर्वी शेतात आणले. यहूदियाच्या वाळवंटातील नहाल हेमार गुहेत सुमारे ९,००० वर्षांपूर्वीच्या जवसाच्या कापडाचे तुकडे सापडले आहेत. त्यावरून, माणसाने हे झाड प्रथम वस्त्रासाठीच लावले असावे, असे कोणालाही वाटेल. परंतु झाडाच्या पेशींत जपलेली साक्ष निराळी आहे. रॉबिन अ‍ॅलाबी, योंग-बी फू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली बियांतील तेलाच्या घडणीशी संबंधित असलेले एक जनुक तपासले. लागवडीच्या जवसात त्या जनुकाचे वैविध्य रानटी जवसाच्या मानाने फारच थोडे आढळले. माणसाची पहिली निवड तेलासाठी होती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कापड त्या काळीही विणले जाई. परंतु खास धाग्यासाठी घडलेला वाण अद्याप जन्माला यायचा होता.

तो जन्मला उत्तरेत. शेतीबरोबर जवस युरोपात गेले. तेथे उन्हाळ्याचे दिवस लांब आणि हंगाम आखूड. फुलोऱ्याची वेळ साधली नाही, तर बी पिकणार कसे? दक्षिणेत बियांचे आणि उत्तरेत धाग्याचे जवस का, याचे उत्तर अक्षांशात शोधावे, असे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुचविले होते. राफाल गुटाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली त्या विचाराला जनुकांचा आधार दिला. फुलोऱ्याची वेळ आणि झाडाची ठेवण या दोहोंवर परिणाम करणारे एक जनुक आहे. त्याचे उत्तरेत सर्वत्र आढळणारे रूप लागवडीच्या जवसाला तेथील रानटी जवसाशी झालेल्या संकरातून मिळाले होते. त्या रूपाने पीक उत्तरेत तगले. आणि त्याचबरोबर दांडा उंचावला, फांद्या घटल्या असाव्यात. नैऋत्य जर्मनीतील नवाश्मयुगीन सरोवरकाठच्या वस्त्यांत सापडलेले बीही उत्तरोत्तर लहान होत गेलेले दिसते. उंच, सरळ दांड्यांचे मोल माणसाने मग ओळखले आणि ते वाढविले.

भारतात जवस हे रब्बीचे पीक. ते हिवाळ्यातील लहान दिवसांत वाढते. वस्त्रासाठी येथे कापूस होताच. त्यामुळे आपल्याकडे जवसाची जोपासना झाली ती मुख्यतः तेलबियांसाठी.

यरीहोच्या राहाबने धाब्यावर रचलेल्या ज्या ताटांखाली इस्राएलच्या हेरांना लपविले, ती याच झाडाची. गारांच्या पीडेत मिसर देशात जवाबरोबर जे पीक झोडपले गेले, तेही हेच. अरिमथाईकर योसेफाने प्रभूचा देह याच्याच वस्त्रात गुंडाळला. मात्र पुढे ज्या उंच वाणाने युरोपातील मंदिरांच्या वेदींना वस्त्रे पुरविली, तो कोणा एका माणसाने योजून घडविला नव्हता. शेतकऱ्याने बी पेरले, उत्तरेच्या प्रकाशाने त्याला वळण दिले आणि बांधावरच्या रानटी जवसाने आपला वाटा त्याला देऊ केला. माणसाच्या हाती जे येते त्यातील पुष्कळसे त्याला आधीच दिलेले असते, ही जाणीव आपली श्रद्धा आपल्याला देते. जवसाचा इतिहासही तिलाच दुजोरा देतो.