सत्यमची बिले: संगणकाने दिलेली साक्ष

७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर या कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहिले. ताळेबंदातील रोख व बँकशिल्लकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत, अशी ती कबुली होती. पण नुसत्या कबुलीवर खटला उभा राहत नाही. पुरावा शोधायचा होता तो कंपनीच्याच संगणकांत.

सत्यममध्ये बिल तयार होण्याची वाट ठरलेली होती. आधी प्रकल्पाची नोंद, मग कर्मचाऱ्यांनी भरलेले कामाचे तास, शेवटी बिल. तपासात ७,५६१ बिले अशी निघाली, की ती या पायऱ्या न चढता थेट शेवटच्या टप्प्यात घुसवली होती. त्यांना विशिष्ट खूण केलेली असल्याने ती विभागप्रमुखांना दिसत नसत. जमाखर्चात मात्र धरली जात. निकालपत्रकात गुण आहेत आणि उत्तरपत्रिकाच नाही, तसाच हा प्रकार.

संगणकीय न्यायसहायक विज्ञानाची पद्धत मुळात साधी आहे. मूळ डिस्कमध्ये फेरफार होऊ न देता तिची हुबेहूब प्रत घ्यायची आणि एक नोंद दुसरीशी ताडून पाहायची. एक खोटी नोंद करणे सोपे. तिच्या मागच्यापुढच्या सगळ्या नोंदी तिच्याशी जुळवणे फार कठीण.

एप्रिल २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने राजूंसह दहा जणांना दोषी ठरवले. ती बिले २००३ ते २००८ या काळातली होती. म्हणजे पुरावा पाच वर्षे संगणकातच होता. तो ताडून पाहिला गेला कबुलीनंतर.