'वाइनाख्टन': अनेकवचनाचा पुरावा

जर्मन भाषेत नाताळाला 'वाइनाख्टन' म्हणतात. मध्य उच्च जर्मनमधील 'पवित्र रात्रींच्या वेळी' या अर्थाच्या शब्दसंहतीतील पूर्वसर्ग व उपपद गळाले, आणि मागे उरलेले चतुर्थीचे अनेकवचन स्वतंत्र नाम बनले. शब्दाचा सर्वांत जुना ज्ञात आढळ सुमारे ११७० मधला, श्पेरफोगेल या नावाखाली जतन झालेल्या रचनांतला. तेथे तो अजून समास नाही. शब्द सुटे आहेत आणि रात्रही एकच आहे. लक्षणीय गोष्ट अशी की, त्याच कडव्यात रात्रीला 'वीह' हे विशेषण आहे, तर ख्रिस्ताला आजच्या 'हाइलिग'चे तत्कालीन रूप. अर्थ दोहोंचा एकच: पवित्र. 'वीह' हा जुना शब्द; चौथ्या शतकातील वुल्फिलाच्या गॉथिक बायबलात पवित्र आत्म्याचे विशेषणही याच धातूचे आहे. पुढे 'हाइलिग'ने त्याला हुसकावले. 'वाइरौख' (धूप) यासारख्या मोजक्या समासांतच तो टिकला.

या जुनेपणातच वादाचे बीज आहे. याकोब ग्रिमच्या 'डॉइच मिथोलोगी'पासून (१८३५) अशा शब्दांत ख्रिस्तपूर्व जर्मन धर्म शोधण्याची प्रथा पडली. जर्मन लोक दिवसांऐवजी रात्री मोजतात, असे टॅसिटसने इ. स. ९८ च्या सुमारास नोंदवले होते ('नवरात्र' म्हणणाऱ्या मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये). याच रात्री इंग्लंडमधील मूर्तिपूजक 'मातृरात्र' पाळीत, असे ७२५ मध्ये बीडने लिहिले. या दोन साक्षींवरून 'रात्री' हे अनेकवचन अयनान्ताच्या उत्सवाचा अवशेष ठरवले गेले.

अनुमान मोहक आहे, पण व्याकरण त्याला साथ देत नाही. 'ओस्टर्न' (ईस्टर) आणि 'फिंग्स्टन' (पेंटेकोस्ट) हे सणवाचक शब्दही चतुर्थीच्या अनेकवचनातूनच आले, आणि 'फिंग्स्टन'चे मूळ तर 'पन्नासावा' या अर्थाचा ग्रीक शब्द. तेथे जर्मन देवतांना जागाच नाही. अनेकवचन हा सणवाचक शब्दांचा प्रघात आहे. फार तर त्यात २५ डिसेंबर ते ६ जानेवारीपर्यंतच्या रात्री अभिप्रेत असतील. शिवाय शब्दाची पहिली नोंद धर्मांतरानंतर कित्येक शतकांनी येते.

तरीही व्युत्पत्ती निरुपद्रवी राहिली नाही. १९३३ नंतर नात्सी प्रचारकांनी सणाला अयनान्ताचे रूप देऊन 'यूलफेस्ट' हे नाव रुजवू पाहिले. ज्या शब्दात परंपरेने जर्मन प्राचीनता शोधली होती, तोच त्यांना पुरेसा जर्मन वाटला नाही, यातील विसंगती बोलकी आहे. लोक 'वाइनाख्टन'च म्हणत राहिले. आज तो बहुधा नपुंसकलिंगी एकवचनी चालतो. 'फ्रोहे वाइनाख्टन' या शुभेच्छेत मात्र विशेषण अजून अनेकवचनी आहे.