प्रत, प्रतिमा आणि अनुस्वार : बीड परिसरातील दोन हस्तलिखितांच्या निमित्ताने

बीडहून मांजरसुंब्यावरून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या वाटेवर, बिंदुसरेच्या वरच्या अंगाला, पाली हे गाव लागते. मराठी वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांत या गावाचा उल्लेख आढळण्याचे कारण नाही. परंतु ज्या दोन हस्तलिखितांमुळे या टापूला पाठचिकित्सेच्या इतिहासात स्थान मिळाले, ती या वाटेच्या दोन टोकांची आहेत. एका टोकाला बीडच्या पाटांगणाशी जिचा संबंध सांगितला जातो ती, वि. का. राजवाडे यांना मिळालेली ज्ञानेश्वरीची पोथी. दुसऱ्या टोकाला अंबाजोगाईची, दासोपंतांची पासोडी. पहिली आज अभ्यासकांना उपलब्ध नाही. दुसरी आहे, पण तिचे स्वरूपच असे की कोणत्याही यंत्राच्या काचेवर ती मावत नाही. हस्तलिखितांचे संगणकीय प्रतिमांकन, म्हणजे ज्याला व्यवहारात सरसकट ‘स्कॅनिंग’ म्हटले जाते, ते करताना प्रतिमेची सूक्ष्मता किती ठेवावी आणि ती कोणत्या प्रकारच्या फाइलमध्ये साठवावी, हा प्रश्न तंत्रज्ञाकडे सोपवण्याची रीत आपल्याकडे पडली आहे. हा प्रश्न मुळात संपादकाचा कसा आहे, हे या दोन उदाहरणांवरून जितके स्पष्ट होते तितके अन्य कशानेही होत नाही.

राजवाडे यांनी ही पोथी एकनाथपूर्व मानली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली. त्याच्या अलीकडच्या पोथ्या बहुशः त्या शुद्धीकरणाच्या छायेत वावरतात. म्हणून एकनाथपूर्व प्रतीचे मोल. राजवाड्यांनी तिच्या आधारे १९०९ मध्ये आपली आवृत्ती प्रसिद्ध केली आणि त्याच आधारावर ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण रचले. पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरीही मुख्यतः राजवाडे-संहितेवर उभी राहिली. मूळ पोथी मात्र पडताळणीसाठी राहिली नाही. १९२६ साली राजवाडे निवर्तले, आणि त्यांच्या वाचनावर घेतलेल्या आक्षेपांना उत्तर देऊ शकेल असा एकमेव साक्षीदारही नाहीसा झालेला होता. परिणामी एका पोथीच्या लेखनपद्धतीवर उभे असलेले व्याकरण आपल्यापुढे आहे आणि ती लेखनपद्धती राजवाड्यांच्या डोळ्यांनीच पाहणे आपल्याला भाग आहे.

हे नुकसान नेमके कशाचे, हे पाहिले पाहिजे. शब्दांचे नुकसान फारसे नाही. शब्द छापलेले आहेत. नुकसान आहे ते अनुस्वारांचे, ऱ्हस्वदीर्घांचे, खाडाखोडीचे, समासातल्या दुसऱ्या हाताच्या भरीचे. डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी १९५०-५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या सुपरिचित निबंधात संहितेतील अर्थवाही घटक आणि आनुषंगिक घटक असा भेद केला. वर्णलेखन, विरामचिन्हे इत्यादी त्यांनी दुसऱ्या वर्गात घातली. इंग्रजी छापील नाटकांपुरता हा भेद उपयुक्त असेल. प्राचीन मराठीला तो जसाच्या तसा लावता येत नाही, कारण तेथे अनुस्वार हा विभक्तीचा वाहक असतो. तृतीयेचे ‘देवें’, सप्तमीचे ‘घरीं’, नपुंसकलिंगी अनेकवचनाचे ‘फुलें’ यांतील टिंब पुसले गेले की कर्ता, स्थान, वचन यांपैकी काहीतरी डळमळते. ग्रेग ज्याला आनुषंगिक म्हणतील तेच येथे अर्थवाही ठरते. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार रद्द केल्यानंतर शिकलेल्या पिढ्यांना ही टिंबे दिसत नाहीत याचे दुःखही होत नाही, ही आणखी एक अडचण. प्रतिमा तपासणारा कर्मचारी ‘वाचता येते’ असा शेरा मारतो तेव्हा तो आजच्या लेखनाच्या सवयीने वाचत असतो.

आता सूक्ष्मतेचा प्रश्न घेऊ. १९९० नंतरच्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात ॲन केनी आणि स्टीफन चॅपमन यांनी यासाठी एक सूत्र मांडले. पृष्ठावरील सर्वांत लहान अर्थपूर्ण अक्षराची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी, तिला ०.०३९ ने आणि दर इंचातील बिंदुसंख्येने गुणावे. प्रतिमा केवळ काळीपांढरी असेल तर तीनने, करड्या छटांची असेल तर दोनने भागावे. भागाकार आठ आला तर प्रत उत्कृष्ट, पाच आला तर चांगली, ३.६ आला तर जेमतेम. एक मिलिमीटर उंचीच्या रोमन अक्षरासाठी काळ्यापांढऱ्या प्रतिमेत हे गणित ६०० बिंदूंच्या आसपास येते. ग्रंथालयांच्या मोठमोठ्या प्रकल्पांत ६०० हा आकडा इतका रुळला त्यामागे अशी गणिते आहेत.

हेच सूत्र पोथीला लावून पाहावे. पोथीचे अक्षर टपोरे असते. त्याची उंची पाच मिलिमीटर धरली तर छटायुक्त प्रतिमेत अवघ्या ८२ बिंदूंना ‘उत्कृष्ट’ हा शेरा मिळतो. आणि त्याच प्रतिमेत अर्ध्या मिलिमीटरचा अनुस्वार दीड पिक्सेलाहून थोडा अधिक भरतो. म्हणजे तो अनुस्वार आहे, शाईचा शिंतोडा आहे की कागदातली काडी, हे सांगणे अशक्य. सूत्रात चूक नाही. चूक आहे ती ‘सर्वांत लहान अर्थपूर्ण अक्षर’ कोणते हे ठरवण्यात. देवनागरी पोथीत ते अक्षर नव्हेच. ते टिंब आहे. टिंबाला एकक मानून जेमतेम दर्जा मागितला तरी हिशेब ३७० बिंदूंच्या जवळ जातो. दर इंचास ४०० बिंदू, तेही रंगीत, ही मागणी म्हणूनच चैनीची नाही. भारतीय हस्तलिखितांच्या कामात ३०० हा आकडा सर्वसाधारणपणे पुरेसा मानला जातो. त्यात अर्ध्या मिलिमीटरच्या टिंबाला सुमारे सहा पिक्सेल मिळतात. टपोऱ्या, स्वच्छ पोथीला ते चालेल. बारीक अक्षरांच्या गुटक्याला चालेलच असे नाही. एकच आकडा सर्व पोथ्यांना लावणे ही कारकुनी सोय आहे, पाठचिकित्सा नव्हे.

रंगाचा मुद्दा तर याहून निकडीचा. पोथीलेखक चूक झाली की त्यावर हरताळ फासत आणि वर नवे अक्षर लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आलेला. दंड, ओवीक्रमांक, अध्यायसमाप्तीची वाक्ये यांसाठी तांबडी शाई किंवा गेरू. काळ्यापांढऱ्या प्रतिमेत प्रत्येक पिक्सेलाला काळे किंवा पांढरे यांपैकी एक होणे भाग असते आणि मधली सीमारेषा यंत्र किंवा यंत्र चालवणारा ठरवतो. पिवळा हरताळ पांढऱ्यात जमा होतो. लेखकाने काय खोडले होते हे तर जातेच, पण येथे काही खोडले होते ही वार्ताही जाते. पाण्याने डागाळलेला भाग उलट काळ्यात बुडतो. भारतीय डिजिटल ग्रंथालयाच्या प्रकल्पात, २००० नंतरच्या वर्षांत, असंख्य जुनी मराठी पुस्तके ६०० बिंदूंच्या काळ्यापांढऱ्या प्रतिमांत उतरवली गेली. मजकुराच्या छापील पानांसाठी तो निर्णय असमंजस नव्हता. फाइली लहान राहिल्या आणि दुर्मीळ पुस्तके सर्वांच्या हाती आली, हे ऋण मान्यच केले पाहिजे. पण त्यांतील छायाचित्रांची आणि पिवळ्या पडलेल्या पानांची जी गत झाली ती पाहता, त्याच मापाने हस्तलिखिते उतरवली जाऊ नयेत, एवढे म्हणणे भाग आहे.

फाइलीच्या प्रकाराविषयी बोलताना एक साधर्म्य डोळ्यांआड करता येत नाही. जेपेग हा प्रकार १९९२ मध्ये प्रमाणित झाला, तो छायाचित्रांसाठी. तो प्रतिमेचे आठ बाय आठ पिक्सेलांचे चौकोन पाडतो, त्यांतील बारीक चढउतार डोळ्याला फारसे जाणवणार नाहीत असे गृहीत धरून टाकून देतो, आणि रंगाची माहिती तर बहुधा उजेडाच्या निम्म्या सूक्ष्मतेनेच ठेवतो. पांढऱ्या कागदावरचे काळे टिंब म्हणजे नेमका असा बारीक चढउतार. शिवाय फाइल उघडून, कापून, फिरवून पुन्हा जतन केली की हा त्याग नव्याने होतो. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत, आणि प्रत्येक पायरीवर थोडी झीज: लाखमान यांच्या पद्धतीने वंशवृक्ष मांडणाऱ्या संपादकाला हे चित्र ओळखीचे वाटावे. फरक इतकाच की लेखनिकाची चूक पकडता येते. जेपेगची झीज सर्वत्र सारखी पसरलेली असल्याने तिला चूक म्हणून बोट लावता येत नाही. टिफ हा प्रकार (१९८६, सहावी आवृत्ती १९९२) काही न गमावता साठवू देतो, आणि म्हणून मूळ प्रत टिफमध्ये व वापराची प्रत जेपेग किंवा पीडीएफमध्ये ही विभागणी जगभर रूढ झाली. दीर्घकाळ जपण्यासाठीचा पीडीएफचा प्रमाणित प्रकार २००५ मध्ये आला. परंतु पीडीएफ हे मुळात वेष्टन आहे. आत कोणत्या रीतीने दाबलेली प्रतिमा आहे, हे वेष्टनावरून कळत नाही.

दाबण्याच्या एका रीतीविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. काळ्यापांढऱ्या प्रतिमांसाठीच्या जेबिग-दोन या रीतीत पानावरील सारखी दिसणारी चिन्हे एकदाच साठवून तेच चित्र जागोजागी वापरण्याची मुभा आहे. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की झेरॉक्सच्या काही यंत्रांतून काढलेल्या बांधकाम-आराखड्याच्या प्रतीत वेगवेगळ्या खोल्यांची क्षेत्रफळे बदलली होती. सहाचा आठ झाल्याचीही उदाहरणे मिळाली. अंक धूसर झाले नव्हते. ते स्वच्छ, ठळक आणि चुकीचे होते. कंपनीने पुढे दुरुस्ती उपलब्ध करून दिली. आपल्या दृष्टीने या घटनेचा अर्थ असा की यंत्र येथे छायाचित्रकार न राहता लेखनिक झाले: त्याने अक्षर ओळखले, आणि चुकीचे ओळखले. ‘ब’ आणि ‘व’, ‘घ’ आणि ‘ध’ यांचा घोटाळा पोथीलेखकांनी शतकानुशतके केला, पण त्यांच्या हाताच्या वळणावरून तो ताडता येत असे.

पासोडीकडे येण्यापूर्वी पालीसारख्या गावांच्या दप्तराकडे वळणे योग्य होईल. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. गावगाड्याचा जुना कागद मोडीत आणि सरकारी कागद उर्दूत, अशी येथली दुहेरी व्यवस्था. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त मराठवाड्यातील खासरापत्रके, पाहणीपत्रके, जन्ममृत्यूच्या वह्या यांतील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि अभिलेखांची पाने स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूशी प्रस्तुत विवेचनाला कर्तव्य नाही. परंतु मोडी वाचणाऱ्यांची वाण किती आहे हे तेव्हा उघड झाले, आणि एक उकार, एक संक्षेप, एक पुसट वळण यांवर एखाद्या कुटुंबाचा दाखला अवलंबू शकतो हेही. मोडीत शिरोरेषा आधी ओढली जाते, लेखणी न उचलता अक्षरे तिला टांगली जातात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही. अशा लिपीत वळणाची जाडी आणि शाईचा फिकेपणा हीच वाचनाची साधने. वाचक तालुक्याला न जाता पडद्यावर पान पाहतो, तेव्हा फाइल लहान व्हावी म्हणून गाळलेल्या छटा त्याला परत मागता येत नाहीत. ग्रंथालयात पाठभेद म्हणून जी गोष्ट तळटिपेत जाते ती येथे अर्जाच्या निकालात जाते.

पासोडीची गोष्ट निराळी. दासोपंतांनी (१५५१–१६१५) ‘पंचीकरण’ जाडजूड कापडावर लिहिले. ते कापड सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद. मराठीत असे दुसरे उदाहरण नाही. दर इंचास ३०० बिंदू या मध्यम मापाने तिची एकसंध प्रतिमा घ्यावयाची म्हटली तर लांबी १,४४,००० पिक्सेल आणि रुंदी १४,४०० पिक्सेल, एकूण २०७ कोटींवर पिक्सेल. रंगीत, न दाबलेली फाइल सुमारे सहा गिगाबाइटची. जेपेगमध्ये ती बसतच नाही, कारण त्या प्रकारात कोणत्याही बाजूला ६५,५३५ पेक्षा अधिक पिक्सेलांची सोय नाही. नेहमीच्या टिफमध्येही बसत नाही. त्याची मर्यादा चार गिगाबाइटची. मग टिफचा मोठा प्रकार, जेपेग-२०००, किंवा तुकडे. तुकडे हाच सोपा मार्ग वाटतो आणि येथेच खरी मेख आहे. पासोडी ही पोथी नव्हे. तिला पाने नाहीत. कापडावरचा मजकूर कोठे तोडावा हे ठरवताना तंत्रज्ञ तिला प्रथमच पाने देत असतो. एकनाथकालीन लेखकाने लांबच लांब पट पसरून लिहिण्याची जी रीत पत्करली, तिच्यात वाचकाने पटाबरोबर सरकत जाणे अपेक्षित आहे. तुकड्यांच्या क्रमवार फाइली तिचे ग्रंथात रूपांतर करतात. हे रूपांतर टाळता येण्यासारखे नसेल तर निदान शेजारच्या तुकड्यांत पुरेसा मजकूर सामाईक ठेवणे आणि जोडलेली प्रतिमा व सुटे तुकडे दोन्ही जपणे, एवढे तरी हवे. कारण जोड बसवताना संगणक कापडाचा ताण आणि सुरकुती सरळ करतो, व सरळ करताना अक्षरांची अंतरे बदलतो. त्यातच कापडाचे विणकाम. ताण्याबाण्याच्या नियमित रेघा आणि कॅमेऱ्याच्या पिक्सेलांच्या रेघा एकमेकींवर पडल्या की मूळ वस्तूत नसलेल्या लाटा उमटतात. सूक्ष्मता कमी ठेवली तर हा धोका वाढतो. कागदासाठी ठरवलेले माप कापडाला लावता येत नाही, ते या कारणाने.

पोथीच्या शेवटी पुष्पिका असते: कोणी, कोठे, कोणत्या शकात, कोणासाठी, कोणत्या प्रतीवरून लिहिले. लेखनिक बहुधा पाठीचे आणि मानेचे हाल सांगून चुकांची क्षमाही मागतो. संगणकीय प्रतिमांना हा भाग नसतो, किंवा असला तर यंत्राने घातलेल्या वेळेपुरता. फाइलीला नाव म्हणून अनुक्रमांक. मूळ वस्तू कोणाकडे होती, रंगपट्टी व मोजपट्टी शेजारी ठेवली होती का, बिंदुसंख्या खरी की नंतर कृत्रिमपणे वाढवलेली, काठ कापले का, उजळपणा बदलला का, याविषयी मौन. राजवाड्यांनी निदान प्रस्तावना लिहिली. तिच्याशी भांडता आले. पासोडीच्या प्रतिमेबरोबर अशी दोन पानांची नोंद त्याच संचयात, साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवायला जागा लागेल ती काही किलोबाइटांची.