जुने विहार, नव्या सोयी : विनयाचा दाखला

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा वेळी वस्तीतील जुन्या विहारात नळ, पंखे वा कूलर बसविण्याचा विषय निघाला की, धम्मस्थानाला सुखसोयी शोभतात काय, अशी शंका काढली जाते. आमच्या मते तिचे उत्तर विनयपिटकातच आहे.

चुल्लवग्गातील सेनासनक्खन्धकानुसार आरंभीच्या विहारांना खिडक्या नव्हत्या. आत दुर्गंधी असे, डोळ्यांना त्रास होई. तथागतांनी वेदिका, जाळी व सळया अशा तीन प्रकारच्या वातायनांस अनुमती दिली. जन्ताघरात, म्हणजे उष्णस्नानगृहात, धूर कोंडला तेव्हा ‘धूमनेत्त’ (धुराडे) आणि पाणी तुंबले तेव्हा ‘उदकनिद्धमन’ (सांडपाण्याची वाट) मान्य झाले. प्रत्येक अनुमतीमागे अडचण आहे, ऐषाराम नाही. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखही उपासकांनी दिलेल्या ‘पोढी’ची, म्हणजे पाण्याच्या टाक्याची, नोंद करतात.

१९२७ साली बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला पाण्यासाठी सत्याग्रह करणाऱ्या समाजाने विहारातील नळाला चैन म्हणू नये. क्रम मात्र राखावा: आधी पाणी व सांडपाणी, मग हवा व प्रकाश, शेवटी शोभा. सोय कोणाची अडचण दूर करते, हीच तिची कसोटी होय.