नास्तिक, बाटगा आणि दीक्षित : महाडच्या संदर्भात तीन शब्दांचा विचार

सावित्रीच्या खोऱ्यात, कापडे-पोलादपूरपासून महाडपर्यंत, इतर मराठी मुलखाप्रमाणेच धर्म सोडणारा माणूस 'बाटतो' आणि अस्पृश्याने शिवलेले पाणीही 'बाटते'. दोन्हींवर उपाय एकच, 'शुद्धी'. श्रद्धेतील बदल आणि स्पर्शाचा विटाळ यांना भाषेने एकच क्रियापद द्यावे, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये अशी आहे.

20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. मुंबई कायदेमंडळाने 1923 मध्ये, व महाड नगरपालिकेने 1924 मध्ये, हा हक्क तत्त्वतः मान्य केलेला होता. तरीही सनातन्यांनी तळ्यात पंचगव्य घालून त्याची 'शुद्धी' केली. कोणाचीही श्रद्धा बदलली नव्हती. तथापि बाटण्याचा विधी मात्र पुरा झाला.

25 डिसेंबर 1927 रोजी महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. 'नास्तिक' शब्दाचा विचार येथे उपस्थित होतो. पाणिनीने हा शब्द 'नाही अशी ज्याची मती' या अर्थाने सिद्ध केला. काशिकाकारांच्या मते येथे नाकारायचा तो परलोक. मनूच्या मते मात्र तर्काच्या आधारे श्रुतिस्मृतींचा अवमान करणारा तो नास्तिक. ईश्वर नाकारणारा, हा आज रूढ असलेला अर्थ या दोहोंहून निराळा होय. म्हणूनच बुद्ध हा मनूच्या कसोटीने नास्तिक ठरतो, काशिकेच्या कसोटीने ठरत नाही.

मनूचे ते वचन द्विजांना उद्देशून आहे, हे विशेष. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण असल्यामुळे त्यांना ते लागू पडले असते; ज्यांना वेदाधिकारच नव्हता, त्यांना नास्तिक होण्याचाही अधिकार नव्हता. शिवाय दहन म्हणजे देवाचा नकार नव्हे. याच चळवळीने 1930 मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह आरंभिला. देव नको होता असे नाही; देवाच्या दारावरील पहारा नको होता.

पुढे वाटा फुटल्या. महाड परिषदेचे एक प्रमुख संयोजक रामचंद्र बाबाजी मोरे कम्युनिस्ट चळवळीत गेले. आंबेडकरांनी 1935 मध्ये येवल्यास हिंदुधर्मत्यागाची घोषणा केली व 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या प्रसंगीच्या 22 प्रतिज्ञांचा आरंभ नकाराने होतो : ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही. पुढे मात्र समता, करुणा व शील यांचे आचरण स्वीकारले आहे. 20 नोव्हेंबर 1956 रोजी काठमांडू येथे त्यांनी बुद्ध व मार्क्स यांची तुलना केली, तीही देवाच्या अस्तित्वावरून नव्हे. दुःखनिवारण हे साध्य समान मानून साधनांतील भेद त्यांनी दाखविला.

यावरून नास्तिक्य आणि धर्मांतर यांना परस्परविरोधी मानणे सयुक्तिक ठरत नाही. नागपूरची दीक्षा एकाच वेळी देवांचा नकार आणि धम्माचा स्वीकार होती. 'बाटणे' या क्रियापदात माणूस कर्ता दिसला, तरी त्याला काही घडते, तो काही करीत नाही. 'दीक्षा घेणे' यात तो स्वतः घेतो. महाड ते नागपूर या 29 वर्षांचा इतिहास, भाषेच्या अंगाने पाहता, या दोन क्रियापदांमधील अंतराचा इतिहास होय.