दोरा उलटा गुंडाळताना

हातात सुताचा गुंडा धरा. आत्ता तो लिंबाएवढाच आहे. बाकीचा सगळा दोरा तुमच्यापुढे जमिनीवर पसरलाय आणि तो गुंडाळत गुंडाळत तुम्हाला मागं, आत जायचंय. गोष्ट तुम्ही ऐकलेली असेल. क्रीट बेटाचा राजा मिनोस. त्याच्या राणीला बैलापासून झालेला मुलगा, धड माणसाचं आणि डोकं बैलाचं, म्हणून मिनोटॉर. त्याला कोंडायला डेडलस नावाच्या कारागिरानं बांधलेली वळणावळणांची इमारत, लॅबिरिंथ. त्याचा घास म्हणून अथेन्सहून येणारे सात मुलगे आणि सात मुली. त्यांच्यातलाच एक होऊन आलेला थिसिअस, आणि राजकन्या आरिआद्नीनं त्याच्या हाती दिलेला दोरा. थिसिअस त्या दोऱ्यानं बाहेर आला. आपण आत निघालोय.

पहिलं वळण लंडनचं, जुलै १९५२. रेडिओवर मायकेल व्हेंट्रिस बोलतोय. तिशीही न गाठलेला हा माणूस पेशानं वास्तुरचनाकार आहे. क्रीटमध्ये सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरची लिपी, जिला लिनिअर बी म्हणतात, ती आपण फोडली असून तिच्यातली भाषा ग्रीकच आहे, असं तो सांगतो. लॅबिरिंथ बांधणाराही वास्तुकार आणि त्याचा कागद उलगडणाराही वास्तुकार! ही किल्ली खिशात टाका, शेवटी लागेल.

पुढची दोन वळणं भरभर घ्या. १९४७, ब्वेनोस आयरेस: बोर्हेस एक छोटी कथा छापतो, तिच्यात तो राक्षस स्वतःच बोलतो आणि एकटेपणानं बेजार झालेला असतो. १९३५, पॅरिस: पिकासोच्या चित्रात मिनोटॉर चालून येतोय आणि समोर एक लहान मुलगी न घाबरता मेणबत्ती धरून उभी आहे. एवढ्यात कळतं की विसाव्या शतकाला थिसिअसमध्ये फारसा रस नव्हता. मला तरी कुठाय?

२३ मार्च १९००. ऊन चढायला लागलंय आणि तुमच्या डोक्यावर घमेलं आहे. क्रीटमधलं हेराक्लिऑन, त्याच्या जरा दक्षिणेला क्नोसोसचं टेकाड. एका बाजूला ख्रिस्ती मजूर, दुसऱ्या बाजूला मुसलमान; काल-परवापर्यंत एकमेकांच्या जिवावर उठलेली ही माणसं साहेबानं मुद्दाम एका खड्ड्यात कामाला लावली आहेत. साहेब म्हणजे आर्थर इव्हान्स, बुटका, डोळ्यांनी अधू, हातात काठी. त्याच्याआधी, १८७८ मध्ये, इथं एका स्थानिक माणसानं खणून मोठाले रांजण बाहेर काढले होते, आणि त्या माणसाचं नाव होतं मिनोस कालोकैरिनोस. कथालेखकानं असं नाव दिलं असतं तर संपादकानं खोडलं असतं.

काही आठवड्यांतच उंच पाठीचं दगडी आसन उघडं पडतं, अजून भिंतीला टेकलेलं. हे आरिआद्नीचं, असं इव्हान्सला आधी वाटतं. मग तो ते मिनोसला देऊन टाकतो. वळत जाणारे बोळ, जिने, उजेडासाठी सोडलेले चौक, कोठारांची रांग बघून त्याची खात्री पटते की हाच तो लॅबिरिंथ. तुमच्या घमेल्यात मातीच्या पाट्यांचे तुकडे येतात. इव्हान्स ते उलटसुलट करून बघतो. त्याला ते वाचता येत नाहीत. १९४१ साली मरेपर्यंत येणार नाहीत. तुमच्या खिशात किल्ली आहे, पण गप्प बसा.

दोरा ओढा. पायाखाली एकदम गारवा. तेरावं शतक, फ्रान्समधलं शार्त्र्, कॅथेड्रलची फरशी. तेरा मीटरांच्या आसपास रुंद वर्तुळात अकरा फेरे आखले आहेत. चालायला लागा. मध्य हातभर अंतरावर येतो, आणि वाट तुम्हाला पुन्हा थेट कडेला नेऊन सोडते. अडीचशे मीटरांहून जास्त चाललात आणि एव्हाना लक्षात आलं असेल की या वाटेला एकही फाटा नाही. चुकणं शक्यच नाही. मग आरिआद्नीचा दोरा कशाला लागला? फाटे फुटणारे, माणसाला चकवणारे भुलभुलैये बागांमधून आले ते पुढं. जुनी आकृती एकवाटी आहे. तिच्यात हरवण्याची भीती नाही, पोचण्याची आहे. (शार्त्र्ला मध्यभागी धातूचा पत्रा होता आणि त्यावर थिसिअस नि मिनोटॉर होते, असं जुन्या नोंदी सांगतात. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात तो उचकटला गेला.)

वाटेत क्षणभर हळेबीडला थांबू, बाराव्या शतकात, होयसळेश्वराच्या भिंतीपाशी. महाभारताच्या शिल्पपट्टीत द्रोणांचा चक्रव्यूह कोरलाय आणि त्याचा आराखडा पाहून तुम्ही दचकता, कारण तोही असाच एकवाटी आहे. ही आकृती इथवर कशी आली यावर विद्वानांचं चालू दे. अभिमन्यूला आत जाणं ठाऊक होतं, बाहेर येणं नव्हतं. आणि त्याच्यासाठी दाराशी दोरा धरून कोणी उभं नव्हतं.

पॉम्पेई. वेसूव्हिअस अजून शांत आहे, म्हणजे ७९ सालाच्या आधी कधीतरी. एका श्रीमंताच्या घराच्या खांबावर कोणीतरी अणकुचीदार टोकानं चौकोनी लॅबिरिंथ ओरखडलाय आणि लगत लिहिलंय: इथं मिनोटॉर राहतो. घरमालकाचा स्वभाव कसा असेल याचा अंदाज करायला एवढं पुरे.

आता गुंडा नारळाएवढा झालाय. इ.स.पू. ३९९, अथेन्स. बंदरात माणसं एका जहाजाची वाट बघत समुद्राकडे डोळे लावून उभी आहेत. थिसिअस मुलामुलींना घेऊन ज्या जहाजातून परतला तेच हे, असं लोक मानतात, आणि त्या सुटकेच्या नवसापोटी दरवर्षी ते डेलोस बेटावर अपोलोच्या यात्रेला जातं. जहाज परत येईतो शहरात कोणाला देहदंड द्यायचा नाही, असा कायदा आहे. यंदा त्याच्या मागच्या भागाला हार घातले गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सॉक्रेटिसचा खटला उभा राहिला. म्हणून देहदंड ठोठावला गेल्यावरही तो अजून तुरुंगात बसून मित्रांशी बोलतोय. वारा पडला की त्याचं आयुष्य एक दिवसानं वाढतं. एका राक्षसाच्या गोष्टीनं एका खऱ्या माणसाला महिनाभर जगवलं!

पुढं प्लुटार्क सांगतो की या जहाजाची कुजकी फळी काढून नवी बसवायची, असं इतकं वर्षानुवर्षं चाललं की शेवटी हे तेच जहाज का, यावर तत्त्वज्ञ भांडायला लागले. आज बंदरात हा प्रश्न कोणी विचारत नाही. शिडं दिसली, असं कोणीतरी ओरडतं, आणि गर्दीतला एक म्हातारा मान खाली घालतो.

इ.स.पू. १२०० च्या सुमाराला ग्रीसच्या नैर्ऋत्येला, पायलॉसच्या राजवाड्यात या. लेखनिकाच्या शेजारी बसा. ओल्या मातीच्या पाटीवर त्यानं शेळ्यांचा हिशेब लिहिलाय. कोणाची तरी वाट बघत तो कंटाळलाय. पाटी पालथी करून तो आधी एक फुली काढतो, तिच्या चार कोनांत चार काटकोन आणि कोपऱ्यांना चार ठिपके. मग ठिपक्यांची रांगोळी जोडतात तसं एकेक टोक पुढच्याला जोडत, फेरा मोठा करत जातो. सात फेऱ्यांचा लॅबिरिंथ तयार. हात सराईत आहे. ना बैल काढला, ना नायक. पाटी वाळली की मोडून पुन्हा मळायची, पण थोड्याच दिवसांत राजवाडा जळेल आणि त्या आगीत ती पक्की भाजून निघेल. ज्यांचा काळ खात्रीनं सांगता येतो अशा लॅबिरिंथांत हा सर्वांत जुना. शेळ्यांच्या हिशेबामागे.

शेवटचं वळण. पुन्हा क्नोसोस, इ.स.पू. १४०० च्या आसपास. या वेळी छत आहे, भिंतींवर रंग ओले वाटावेत इतके ताजे आहेत, आणि एका चित्रात उधळलेल्या बैलाच्या पाठीवरून एक पोरगा कोलांटी घेतोय. तुमच्या डोक्यावर घमेलं नाही, खांद्यावर मधाची घागर आहे. बोळ डावीकडे वळतो, उजवीकडे वळतो, मध्येच वरून उजेड पडतो. डरकाळी ऐकू येत नाही. रांजणांतल्या तेलाचा वास येतो.

लेखनिक पाटीवर टोकदार काडी टेकवून तयार आहे. किल्ली काढा, वाचा. पहिली ओळ: सगळ्या देवांना, मध, एक घागर. दुसरी ओळ: ‘दापुरितो’च्या स्वामिनीला, मध, एक घागर. दापुरितो म्हणजेच लॅबिरिंथ, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे बाकीच्या सगळ्या देवांनी मिळून एक घागर वाटून घ्यायची, आणि तिची एकटीची एक. ती कोण ते पाटीवर नाही. आरिआद्नीच आधी देवी होती, मग गोष्टीत राजकन्या झाली, असं काहीजण म्हणतात.

दुसरी घागर तुमची. लेखनिक तिच्यापुढे एक रेघ मारतो आणि मान वर न करता हनुवटीनं बोळाकडे खूण करतो. तुमच्या हातातला दोरा तिकडेच गेलाय, उंबऱ्यावरून आत. खांदा बदला, मध सांडू देऊ नका.